इंग्रजीबाहेर शोधायला लागून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

कारण अगदी किरकोळ होतं. माझ्याकडे एक जुनी सोव्हिएत लेन्स आहे, हेलिओस ४४-२, ५८ मिमी. तिची फोकसची रिंग इतकी जड झाली होती की जोर लावला तर फोकस व्हायच्या आधी अख्खी लेन्सच कॅमेऱ्यावरून सुटायला लागायची (ही लेन्स आट्यांवर बसते, बायोनेट, म्हणजे फिरवून अडकवायचा खटका, नाही). आतलं ग्रीस वाळलंय एवढं कळत होतं. उघडायचं कुठून आणि भरायचं काय, हे कळत नव्हतं.

इंग्रजी फोरमवर तीन संध्याकाळी घालवल्या. उत्तरं एकाच वळणाची: सोव्हिएत माल असाच असतो, दुसरी घे. एकाने तर छातीठोकपणे लिहिलं होतं की या लेन्सच्या दुरुस्तीची माहिती कुठे उपलब्धच नाही. लाखोंनी बनलेली लेन्स, आणि माहिती नाही! त्याला म्हणायचं होतं ‘इंग्रजीत नाही’. पण ते दोन शब्द त्याला लिहावेसे वाटले नाहीत, आणि वाचताना मलाही खटकलं नाही.

मग रशियनमध्ये शोधायला लागलो. पहिला आठवडा पाण्यात गेला, कारण मी नाव रोमन लिपीत टाकत होतो. रशियनमध्ये आपल्यासारखा ‘ह’ नाही, परक्या नावातल्या ‘ह’चा बऱ्याचदा ‘ग’ होतो. हॅम्बर्गचं गाम्बुर्ग, तसं हेलिओसचं गेलिओस. सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन लिपीत, ‘गेलिओस’ टाकलं आणि दार उघडलं. पानंच्या पानं. लेन्स उघडून टेबलावर मांडलेले फोटो, वर्षानुवर्षं चाललेले वाद.

दुसरी अडचण विभक्तीची. ग्रीसला रशियनमध्ये स्माज्का म्हणतात, पण वाक्यात तो शब्द स्माज्की, स्माज्कु, स्माज्कोय असा रूपं बदलत फिरतो. फोरमचा स्वतःचा सर्च जुना असेल तर तो तुम्ही टाकलेलं रूपच शोधतो, बाकीची त्याला दिसत नाहीत. ‘पाणी’ शोधल्यावर ‘पाण्यात’ सापडत नाही, तोच प्रकार. त्यामुळे आता मी एकेका शब्दाची चार-पाच रूपं एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि शक्यतो फोरमचा सर्च वापरतच नाही. बाहेरच्या सर्च इंजिनात रोमन अक्षरांत ‘site’ लिहून, कोलन देऊन त्या फोरमचा पत्ता टाकतो. शब्दरूपं ते बरंच नीट सांभाळतं.

जर्मनकडे वळलो, कारण हेलिओसची रचना मुळात जर्मनीतल्या येनाच्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून घेतलेली. तिथे उलटी गंमत. जर्मन लोक शब्द जोडत जातात. फोकसच्या आट्यांना ते श्नेकनगांग म्हणतात, म्हणजे शब्दशः गोगलगायीची वाट, आणि त्यात भरायचं ग्रीस म्हणजे श्नेकनगांगफेट. नुसतं ‘फेट’ शोधलं तर पूर्ण शब्द जुळवणाऱ्या सर्चला ते सापडत नाही. पण खरी किल्ली होती ‘फेरहार्त्स्ट’. अर्थ, राळ झालेलं. वाळलेल्या ग्रीससाठी तिथे हाच शब्द चालतो. कुठल्याही शब्दकोशात ‘वाळलेलं’ शोधून मला तो मिळाला नसता. एका म्हाताऱ्या (लिहिण्यावरून वाटलं) दुरुस्तीवाल्याच्या पोस्टमध्ये मिळाला.

जपानीत मी फार खोल गेलो नाही. शब्दांमध्ये मोकळी जागाच नसल्याने साध्या सर्चला शब्द कुठे संपतो ते कळत नाही. एक गोष्ट मात्र आवडली. ते रिंगला ‘ओमोइ’ म्हणतात, म्हणजे जड. आपण म्हणतो तसंच. इंग्रजीतून जपानीत गेलो असतो तर ‘स्टिफ’साठी, म्हणजे ‘ताठ’साठी, शब्द शोधत बसलो असतो.

भाषांतराच्या साधनांबद्दल. वाचायला पुरतात. विश्वास ठेवायला पुरत नाहीत. रशियन ‘झात्वोर’ म्हणजे कॅमेऱ्याचं शटर, पण बंदुकीचा बोल्टही तोच. ‘व्हिदेर्झ्का’ म्हणजे शटरचा वेग, पण संयमसुद्धा. मला एकदा गंभीर सूचना आली होती की ‘संयम १/३० वर ठेवा आणि बोल्ट ओढा’. हे हसण्यावारी नेता येतं. ‘तू’ मात्र नेता येत नाही. रशियनमध्ये आपल्यासारखं तू आणि तुम्ही वेगळं असतं. एका गृहस्थांनी मला फार सभ्यपणे, ‘वी’ म्हणून, म्हणजे तुम्ही म्हणून उत्तर लिहिलं होतं. मराठीत ते ‘तू आधी मागची रिंग काढ, तुला कळत नसेल तर हात लावू नकोस’ असं आलं. रशियनमधून मराठीत येताना मधे इंग्रजीचा टप्पा झाला असणार, आणि तिथे सगळेच ‘यू’. दोन भाषांना ठाऊक असलेला मान तिसरीच्या दारात गळून पडला. तेव्हापासून मी रशियनचं भाषांतर मराठीत करून घेतच नाही, इंग्रजीत वाचतो. निदान खोटा उद्धटपणा तरी दिसत नाही.

आता लोकांबद्दल. मिळालेल्या रशियन चर्चेची लिंक मी इंग्रजी फोरमवर टाकली. पहिलं उत्तर: ‘इंग्रजीत काही आहे का?’ दुसरं: ‘रशियन साइट मी उघडत नाही.’ भाषांतराचं बटण ब्राउझरमध्येच असतं, एका क्लिकवर. एकाने मात्र ते दाबलं, सगळं वाचलं आणि आभार मानले, हेही सांगायला हवं. गंमत म्हणजे याच मंडळींच्या तोंडी दिवसरात्र ‘बोके’ (फोटोतला फोकसबाहेरचा धूसरपणा) असतो, आणि तो शब्द जपानी. १९९७ मध्ये एका अमेरिकी छायाचित्रण नियतकालिकाने त्याच्या शेवटी एक एच चिकटवला, म्हणजे इंग्रजी वाचणारे उच्चार चुकणार नाहीत. शब्द घेतला, पण तो जिथून आला तिथे आणखी काय आहे हे बघायला कुणी गेलं नाही.

पण त्यांच्यावर एवढं तोंडसुख घ्यायचा मला फारसा अधिकार नाही. रशियन फोरमवर पहिला प्रश्न मी स्वतः इंग्रजीत टाकला होता. माफी वगैरे काही नाही, जणू इंग्रजी म्हणजे हवाच. एका ओळीचं उत्तर आलं: मंच रशियनभाषक आहे, कृपया रशियनमध्ये लिहावे. मला राग आला. ‘फक्त इंग्रजी’ असा नियम मी किती फोरमवर वाचलाय, कधी रागावलो नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या मुख्य साइटवरही प्रश्न इंग्रजीतच विचारावा लागतो, पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश, जपानीसाठी वेगळ्या साइट आहेत, आणि त्यात मला कधी वावगं दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोडकंतोडकं यंत्र-रशियन टाकलं. चार जणांनी उत्तरं दिली, एकाने माझी वाक्यंही दुरुस्त केली.

जर्मन लोकांचा प्रश्न वेगळा. परका आलाय असा वास लागला की ते लगेच इंग्रजीत बोलायला लागतात. सौजन्यच ते. पण ज्या चर्चेत मी शिरलो तिथला सगळ्यात जाणता माणूस दोन पोस्टनंतर गप्प झाला. नंतर त्याने खाजगी निरोपात जर्मनमध्ये लिहिलं की इंग्रजी त्याला वाचता येतं, लिहिताना लाज वाटते. म्हणजे माझ्यासाठी दार उघडलं आणि घरातला माणूस बाहेर गेला.

लेन्सचं म्हणाल तर झाली. तिकडचे दुरुस्तीवाले त्सिआतिम-२०१ या सोव्हिएत ग्रीसचं नाव वारंवार घेतात. मूळ थंडीत चालावं म्हणून बनवलेलं. कालांतराने त्यातलं तेल वेगळं होतं, पातळ भाग डायफ्रॅमच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या) पात्यांकडे जातो आणि मागे उरतो तो घट्ट भाग, म्हणजे जर्मनांची राळ. सगळ्यात मोलाची सूचनाही रशियनमध्येच मिळाली: रिंग आट्यांतून सुटते नेमक्या त्या क्षणी दोन्ही भागांवर खूण करा. आट्यांना एकाहून जास्त सुरुवाती असतात. परत बसवताना चुकीची धरली तर रिंग फिरते छान, पण दूरचं काही स्पष्ट येत नाही. मी खूण केली होती. तरी दुसऱ्या प्रयत्नात जमलं.

पाचपैकी किती द्यायचे? शोधायच्या या पद्धतीला चार, भाषांतराला तीन. फोरमच्या आतल्या सर्चला एकही नाही.

मग ही सगळी कृती मराठीत लिहून काढली, आणि स्वतःचीच पोस्ट मला सर्चमध्ये सापडेना. कारण ‘ऱ्या’. हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, र असतो, ‘ऱ्या’. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण, ‘र्‍या’. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. मी फोनवर लिहिलं एका प्रकाराने आणि कॉम्प्युटरवर शोधलं दुसऱ्याने. आता पोस्टच्या तळाशी ‘कॅमेऱ्यावरून’ आणि ‘कॅमेर्‍यावरून’ असे दोन्ही शब्द टाकून ठेवलेत. पहिली प्रतिक्रिया आली: ‘छान लिहिलंय, पण इंग्लिशमध्ये टाका ना, जास्त लोकांना कळेल.’ मी त्यांना रशियन चर्चेची लिंक पाठवली.