विश्रामबागचा प्राणायाम वर्ग: महिना ५०० रुपयांत काय पदरात पडतं

मी सांगलीत वीज कंपनीच्या तक्रार कक्षात फोन घेतो. म्हणजे लाईट गेल्यावर तुम्ही ज्याला शिव्या घालता तो मी. वळवाचा पहिला पाऊस आला की खांबावर तारा धरणारे, उन्हाळाभर तापलेले पिन इन्सुलेटर तडकतात, फीडर म्हणजे अख्ख्या भागाला वीज देणारी लाईन ट्रिप होते आणि मग "लाईट कधी येणार?" हा एकच प्रश्न रात्रभर वेगवेगळ्या आवाजांत ऐकायचा. उत्तर माझ्याकडे नसतं. ते खांबावर चढलेल्या वायरमनकडे असतं, आणि तो फोन उचलत नाही. उचलूही नये.

हे आधी सांगितलं, कारण 'ताणमुक्तीसाठी प्राणायाम व ध्यान' ही पाटी वाचून मी आत गेलो तेव्हा मला काय हवं होतं ते कळायला हवं. मन:शांती वगैरे मोठं काही नको होतं. एका ग्राहकाचा राग पुढच्या ग्राहकावर निघू नये, आणि घरी गेल्यावर जेवताना हात थरथरू नये, एवढंच. बीपीची गोळी आधीपासून चालू आहे, आजही चालू आहे. ती बंद करा असं वर्गात कुणी म्हटलं नाही, आणि हे मी या वर्गाचं पहिलं चांगलं लक्षण मानतो. गोळ्या सोडायला सांगणारे योगवर्ग मी पाहिलेत.

शाळेचा हॉल, सकाळी ६ ते ७. महिना ५०० रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरले तर १३००. चटई आपली आपण आणायची. हॉलमध्ये सतरंजी आहे, पण तिच्यावर बसून भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास, करायला वेगळं धाडस लागतं. डास आहेत. बायकांचं स्वच्छतागृह निम्म्या वेळा कुलूपबंद, कारण किल्ली शिपायाकडे आणि शिपाई सातला येतो. शिकवणारे सर म्हणजे निवृत्त पीटी शिक्षक. गळ्यातली शिट्टी गेली, आवाजातली राहिली.

आता मुद्द्याचं. पहिले काही दिवस सरांनी आम्हाला प्राणायाम शिकवलाच नाही. उताणं झोपवलं, एक हात छातीवर, एक पोटावर. "पोटावरचा हात उठला पाहिजे, छातीवरचा नाही." दिसायला सोपं आहे. करून बघा. आयुष्यभर पट्टा आवळून पोट आत ओढायची सवय लागलेल्या माणसाला श्वासानं पोट वर आणायचं म्हणजे लाज वाटते. माझ्या शेजारचे निवृत्त तलाठी तर कितीतरी दिवस छातीच फुगवत होते. आणि सर शांतपणे रोज त्यांच्या पोटावर एक वही ठेवायचे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त पटली. सर "दीर्घ श्वास घ्या" असं म्हणतच नाहीत. "आधी सोडा. भरायचं काम शरीर करतं." इतर ठिकाणी लोक भात्यासारखी हवा ओढतात आणि पाच मिनिटांत डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. नवख्याला वाटतं शक्ती जागी झाली. शक्ती कसली, जोरजोरात श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली गेलेला असतो. घाबरलेल्या माणसाचा श्वास आधीच भरभर चाललेला असतो, त्याला आणखी हवा ओढायला लावणं म्हणजे उलटा उपचार.

सरांचं माप साधं आहे: चार आकड्यांत घ्यायचा, सहा आकड्यांत सोडायचा. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे एरवी मिनिटाला १२ ते २० होतात. माझी मुलगी मिरजेला फिजिओथेरपी शिकते. तिनं घरी मनगटावर बोटं ठेवायला लावली. "पप्पा, श्वास घेताना नाडी बघा आणि सोडताना बघा." घेताना ठोके किंचित भरभर, सोडताना लांबतात. व्हेगस नावाची मज्जातंतू आहे, ती मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत उतरते आणि श्वास सोडताना हृदयाचा वेग ओढून धरते, असं तिनं सांगितलं. म्हणून सोडणं लांबवायचं. हे कळल्यावर वर्गातल्या निम्म्या गूढ गोष्टींची मला गरज उरली नाही.

तिनंच आणखी एक दाखवलं. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी बघितलं, की लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणताना, दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. आमच्या आजीनंही जन्मभर माळ ओढली, तिला आकडा सांगायची वेळ कधी आली नाही.

सर वारंवार लोणावळ्याच्या कैवल्यधामचं नाव घेतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ती संस्था काढली आणि योगाच्या क्रिया यंत्रं लावून तपासायला सुरुवात केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही काढलं. सरांना त्यातली मोजायची सवय लागलेली आहे. वर्गाच्या आधी आणि नंतर मिनिटभर नाडी मोजून वहीत लिहायची. फायदा होतोय की नाही ते सरांनी सांगायचं नाही, वहीनं सांगायचं. माझ्या वहीत बहुतेक दिवशी आकडा खाली येतो. रात्रपाळी करून थेट वर्गाला आलो तर येत नाही. तेही लिहिलेलं आहे.

भ्रामरी मला मनापासून आवडते. ओठ मिटून गुणगुणायचं, त्यात श्वास सोडणं आपसूक लांबतं, मोजायलाही लागत नाही. फक्त पंचवीसेक माणसं एका हॉलमध्ये एकदम भ्रामरी करायला लागली की मला लोड भरलेल्या, घुमणाऱ्या डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ, उभं राहिल्यासारखं वाटतं. कामावर आल्याचा भास होतो. दोष सरांचा नाही.

कपालभातीबद्दल मात्र तक्रार आहे. ती प्राणायामच नाही, हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत येते, म्हणजे शुद्धीच्या क्रियांत, हे सर दर आठवड्याला सांगतात. ताणावर तिचा उपयोग नाही, उलट ती चेतवते, हेही सांगतात. तरी पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांची रोज चढाओढ लागते, कोण किती ठोके मारतो. जास्त बीपी, हर्निया, गरोदरपण, काचबिंदू असणाऱ्यांनी ती करू नये, ही सूचना सर देतात. पण तोंडी, आणि हॉलच्या मागच्या पंख्याखाली बसलेल्याला ती ऐकू जात नाही. नाव नोंदवताना आजारांचा एक कागद भरून घ्यायला काय जातं? फी भरताना पावती मिळते, पण बीपी आहे का हे कुणी विचारत नाही. मी स्वत:हून सांगितलं.

शेवटची पंधरा मिनिटं ध्यान. हा भाग वर्गाचा सगळ्यात कच्चा दुवा होता. सुरुवातीला सर मोबाइलला स्पीकर जोडून एक ध्वनिफीत लावायचे. बासरी, पाठोपाठ मधाळ आवाज: तुम्ही समुद्रकिनारी आहात, लाटा तुमच्या पायांशी येत आहेत, पाणी हळूहळू वर चढतंय, स्वत:ला पाण्याच्या स्वाधीन करा.

सांगलीच्या माणसाला डोळे मिटून बसवायचं आणि पाणी वर चढतंय म्हणून सांगायचं! २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या, मारुती चौकातल्या लोकांनी ते जिन्याच्या पायऱ्यांवर मोजलंय. आजही पावसाळ्यात आमच्या कक्षाला फोन येतात ते लाईटसाठी नाही, "आयर्विनला किती झालं ओ?" म्हणून. वर्गातल्या एका काकूंनी लाटा पायांशी आल्या तेव्हाच डोळे उघडले, चटई गुंडाळली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. सर त्यांच्यामागे गेले. काय बोलले माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती फीत बंद. आता नुसतं बसायचं, सुटणारा प्रत्येक श्वास एक ते दहा मोजायचा, मध्येच हरवलं तर परत एकपासून. आणि ज्याला डोळे मिटून अस्वस्थ वाटतं त्यानं उघडे ठेवून समोरच्या फरशीकडे बघायचं. काकू आता उघड्या डोळ्यांनी बसतात, त्यांचं बरं चाललंय.

हे फार महत्त्वाचं आहे आणि फार थोडे वर्ग ते सांगतात. गप्प बसलं की सगळ्यांनाच शांत वाटतं असं नाही. काहींना दाबून ठेवलेलं सगळं नेमकं तेव्हाच वर येतं. अशा वेळी चालणं बरं, भ्रामरी बरी, आणि खूपच वर येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ बरा. ध्यानाला डोक्यावर घेणाऱ्यांसाठी आणखी एक: अमेरिकेत २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्या, मिळून साडेतीन हजार माणसं, एकत्र तपासल्या. चिंता, उदासी आणि दुखणं यांत माफक सुधारणा दिसली. औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस असं मात्र दिसलं नाही. माफक म्हणजे माफकच. मला माफकही चालतं.

कामावर उपयोग होतो का? होतो, आणि त्याची जागा मला खुर्चीतच सापडली. फोन आला की मी ग्राहक क्रमांक विचारतो. तो बारा आकडी असतो. माणूस कितीही तापलेला असो, बारा आकडे वाचायला त्याला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि आकडे वाचता वाचता कुणाला शिवी देता येत नाही. तेवढ्यात माझा एक लांब श्वास सुटतो. "थांबा, चष्मा कुठं ठेवला बघतो" म्हणाला तर दोन-तीन. हेडसेटमध्ये आवाज जाऊ नये म्हणून नाकानंच. पलीकडच्याला पत्ता लागत नाही. मग मी म्हणतो, "बोला साहेब, कुठला भाग?" आणि तो आवाज माझा मलाच बरा वाटतो. हे जमतं ते सकाळी निवांतपणी घोटलेलं असतं म्हणून. फोन वाजल्यावर शिकायला गेलो असतो तर चार आकडे सुद्धा आठवले नसते.

मोबाइलवरचं ॲप वर्गाच्या आधी वापरून बघितलं होतं. पडद्यावर गोल मोठा होतो, लहान होतो, त्याबरोबर श्वास. मापाला अगदी बरोबर. पण दिवसभर फोनवर बोलणाऱ्याला शांत व्हायला परत फोनच हातात घ्यायला सांगणं मला झेपलं नाही, आणि सात दिवसांनी ते पैसे मागायला लागलं. ज्यांना सकाळी सहाला बाहेर पडता येत नाही त्यांनी वापरावं. पोटावर वही ठेवणारं मात्र त्यात कुणी नसतं.

एकदा वर्गात पाहुणे वक्ते आले होते. ताणाचं मूळ बाहेर नसतं, आपल्या मनात असतं, असं तासभर समजावून गेले. टाळ्या पडल्या. आमच्या कक्षात तीन खुर्च्या आहेत आणि पाळीला माणसं दोन. हे माझ्या मनात नाही, हजेरीपटात आहे. लांब श्वासानं मी बरा वागतो, पण तिसऱ्या खुर्चीवर माणूस बसत नाही आणि उडालेला डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, परत बसत नाही. सर यातलं काही बोलत नाहीत, श्वासापुरतं बोलतात, म्हणून मी फी भरत राहिलोय. पाहुणे पुन्हा येणार असतील त्या दिवशी मी रात्रपाळी मागून घेईन.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाबद्दल थोडक्यात: सामील व्हा आणि लगेच आवाज बंद करा. सुट्टीची सूचना तिथंच येते, पण ती रोजच्या सुप्रभातांच्या खाली शोधावी लागते.

पाचपैकी साडेतीन. श्वासाच्या भागाला पूर्ण गुण, ध्यानाला फीत गेल्यापासून तीन, व्यवस्थेला दोन. छातीत दुखतंय, दम लागतोय म्हणून कुणी येणार असेल तर आधी डॉक्टरकडे जा, वर्ग नंतर. पाळीत काम करणाऱ्यांना सर सायंकाळच्या तुकडीत बसू देतात, वेगळे पैसे घेत नाहीत. मात्र हे पाटीवर लिहिलेलं नाही, विचारावं लागतं. पाठीमागची जागा धरू नका, तिथं पंखा आहे पण ऐकू येत नाही. आणि सातला शाळेची घंटा होते, तेव्हा गाडी गेटच्या बाहेरच लावा, नाहीतर पोरं आत शिरताना ती बाहेर काढायला अर्धा तास जातो.