तांब्याची नळी की काळा पॉलिथिलीन पाइप?

घरी पाणी तापवायचं सौर पॅनल करताना काळ्या पाइपचं वेटोळं मोह घालतं: स्वस्त, झाळकाम नाही, एका दुपारीत तयार. पण तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 वॅट प्रति मीटर केल्व्हिन, पॉलिथिलीनची जेमतेम 0.4. शिवाय पॅनलवरच्या काचेखाली पाणी वाहायचं थांबलं की तापमान 100 अंशांपलीकडे जाऊ शकतं. पाइप मऊ पडून जोड सुटतात. म्हणून तो काचेविना उघडाच ठेवावा, कोमट पाण्यावर समाधान मानावं. लांब वेटोळ्यात घर्षणही फार, बहुधा पंप लागतोच.

तांब्याच्या उभ्या समांतर नळ्या, टाकी पॅनलपेक्षा उंच, की गरम पाणी आपोआप वर चढतं. मात्र ऊन शोषणारा पत्रा नळीला घट्ट झाळलेला हवा. नुसता टेकवला तर तांबं वाया! गोठणाऱ्या थंडीत नळी फुटते, तेवढं पॉलिथिलीन सोसतं. आंघोळीच्या पाण्यासाठी मी तांबंच घेईन.