जुन्या बोटीचं वायरिंग: जोडत राहायचं की नवं ओढायचं?

वायरिंगवर पैसे घालण्याआधी इंजिन विजेमुळेच बंद पडतंय ना, हे पाहून घ्या. जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये (बोटीच्या मागे टांगायचं इंजिन) ठिणगी बहुधा फ्लायव्हीलखालच्या मॅग्नेटोतून, म्हणजे चुंबक फिरवून स्वतःच वीज बनवणाऱ्या भागातून येते. म्हणजे बॅटरी उतरली तरी चालू इंजिन थांबत नाही. तरीही आपल्याकडे पहिली बदलली जाते ती बॅटरीच.

इंजिन गचके खात, दम लागल्यासारखं मंदावत गेलं तर दोष पेट्रोलच्या बाजूला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. नळीवरचा रबरी फुगा दाबत राहिल्यावर इंजिन टिकत असेल, तर पंप कमी पडतोय किंवा नळी हवा ओढतेय. इथेनॉलचं पेट्रोल पाणी शोषतं आणि बोट बरेच दिवस उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. नळी तिथूनच ओढते.

चावी फिरवावी तसं एका क्षणात मेलं, तर मात्र वीज. चावी आणि लाल दोरीचा किल स्विच, दोन्हींचं काम ठिणगीची तार इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी मारण्याचं. स्विचमध्ये खारं पाणी शिरलं की तो आपणहून तेच करतो. बोट धक्क्याला बांधून, इंजिन बंद असताना स्विचकडे जाणारी ती तार सोडवा (प्लगची नव्हे) आणि मग चालू करून बघा. नीट चाललं तर दोष स्विचपर्यंतच्या वायरिंगमध्ये. आता चावीने ते थांबणार नाही, चोक ओढून थांबवा.

आता दोन वाटा. तुकडा बदलणं तासाभराचं काम आणि स्वस्त. पण टोकापासून वीतभर मागे तार सोलून बघा. तांबं लखलखीत असेल तरच जोडा. काळं-हिरवं असेल तर गंज आवरणाखालून पुढे सरकलाय आणि नवा जोडही त्यातच बसणार. मी चार वर्षं जोडच देत राहिलो. दर पावसाळ्यानंतर नवी जागा सडायची. पिळून टेप गुंडाळणं तर सोडूनच द्या. डाखही नको, कारण डाखाच्या कडेला तार ताठ होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. थिंबल (तारेवर दाबून बसवायचं धातूचं टोक) दाबून त्यावर गोंदवाली हीट-श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी घाला.

नवं ओढायचं तर दोन-तीन दिवस हवेत, आणि कलई केलेली बारीक तारांची केबल महाग पडते. घरातली एकेरी जाड तार स्वस्त म्हणून घेऊ नका, ती हादऱ्यांनी तुटते. मासेमारीची बोट असेल तर १ जून ते ३१ जुलैची बंदी या कामाला सोयीची. फक्त बोटीच्या बाजूचं बदला. इंजिनाचा स्वतःचा हार्नेस (तारांचा जुडगा) शाबूत असेल तर त्याला हात लावू नका.

माझं मत: एका ठिकाणी काळं निघालं तर तुकडा बदला, दोन ठिकाणी निघालं तर सगळं नवं. त्याआधी एक चाचणी करा. स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या धातूला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर जाड केबल किंवा तिची थिंबल खराब आहे. कधी कधी तेवढ्या बदलावरच काम भागतं.

पाणी उपसायच्या पंपाची तार मात्र आजच वेगळी करा. वेगळा फ्यूज घालून थेट बॅटरीवर.