पट्टा नवा, टेन्शनर जुनाच : टायमिंगच्या कामात झालेली फसवणूक

गाडीचा टायमिंग पट्टा बदलायचा विचार असेल तर गाडी गॅरेजला लावण्याआधी हे वाचा. कुडाळ-कणकवली भागात महामार्गालगत 'टायमिंग स्पेशालिस्ट' अशी पाटी लावलेल्या एका मिस्त्रीने माझ्याकडून पूर्ण किटचे, म्हणजे पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर दोन्हीचे, पैसे घेतले आणि बदलला फक्त पट्टा. तक्रारीचं काम चालू आहे, म्हणून नाव देत नाही. पण ही फसवणूक होते कशी, हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवं.

माझी गाडी डस्टर, १.५ लिटर डिझेल. तिच्या इंजिनात खालचा क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एका दातेरी रबरी पट्ट्याने जोडलेले असतात. हाच टायमिंग पट्टा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा. पट्टा तुटला किंवा दात सोडून सरकला की उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. पट्टा ताणून धरतो तो टेन्शनर, आणि त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंपही फिरतो. म्हणून जाणकार मिस्त्री तिन्ही एकदमच बदलतात. पट्टा नवा घातला आणि टेन्शनरची बेअरिंग जुनी राहिली, तर ती बेअरिंग अडकली की नवा पट्टाही जातो. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात बेअरिंगला गंज धरायला वेळ लागत नाही.

हे सगळं काम एका प्लॅस्टिकच्या कव्हरमागे असतं आणि फसवणुकीला जागा मिळते ती तिथेच. ब्रेक पॅड जुने ठेवले तर चाक काढून दिसतात. टायमिंगचं कव्हर एकदा बंद झालं की आत काय घातलं ते गाडीवाल्याला कधीच दिसत नाही.

मिस्त्री बोलायला गोड. "काय एक काळजी करू नकात दादानू, कंपनीचा किट घालतंय." संध्याकाळी गाडी तयार. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारवाला घेऊन गेला. बिल साध्या कागदावर, त्यावर 'टायमिंग किट, वॉटर पंप, मजुरी' असं लिहून १८,५०० रुपये. ना जीएसटी क्रमांक, ना पार्ट नंबर.

पुढे आईला कोल्हापूरला दवाखान्यात नेताना फोंडा घाट चढत होतो आणि इंजिन एकाएकी बंद पडलं. स्टीअरिंग जड, ब्रेक दगडासारखा, मागे ट्रक. आई शेजारी बसलेली. हँडब्रेक ओढून गाडी कडेला थांबली म्हणून निभावलं. ज्याने पैसे वाचवायला जुना टेन्शनर ठेवला, त्याने एका म्हाताऱ्या बाईचा जीव पणाला लावला होता. माझा राग पैशांपेक्षा ह्यावर जास्त आहे.

गाडी टो करून कणकवलीला दुसऱ्या मिस्त्रीकडे आणली. त्यांनी कव्हर खोलताना मला शेजारी उभं केलं आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायला लावला. पट्ट्याचे दात सोलून निघालेले. टेन्शनरचा रोलर जाम, त्याच्या नटावर जुना गंज तसाच, पान्याची एक खूण नाही. "टेन्शनर बदलूकच नाय हा, काका. जुनोच आसा," ते म्हणाले. वॉटर पंपही गाडीबरोबर आलेलाच. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्यावर वाकलेले व्हॉल्व्ह निघाले. खर्च गेला पाऊण लाखाच्या घरात.

ह्या दुसऱ्या मिस्त्रींचं काम पाहिल्यावर खरा जाणकार कसा ओळखायचा ते कळलं. पट्टा काढण्याआधी त्यांनी कॅम आणि क्रँक पिना घालून जागेवर लॉक केले. पहिल्याने नुसत्या पांढऱ्या रंगाच्या खुणा मारल्या होत्या, त्या आत दिसत होत्या. किटचा खोका त्यांनी माझ्यासमोर फोडला, पार्ट नंबर बिलावर लिहिला. पट्टा बसल्यावर पिना काढून इंजिन पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवलं, पिना परत बसतात का ते पाहिलं, मगच चावी फिरवली. क्रँकच्या सीलमधून तेल गळतंय का हेही तपासलं, कारण तेलाने पट्ट्याचं रबर खराब होतं. ह्या पिना, म्हणजे लॉकिंग टूल, दाखवा असं म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे हे काम देऊ नका, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

आणखी एक प्रकार ह्याच भागात ऐकला. डिझेल स्विफ्टच्या १.३ लिटर इंजिनात टायमिंग पट्टा नसतोच, चेन असते. तरी एका ओळखीच्या माणसाकडून टायमिंग पट्ट्याचे पैसे घेतले गेले. बदलला होता बाहेरचा, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) फिरवणारा पट्टा. आपल्या गाडीत पट्टा आहे की चेन, आणि किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून मगच गॅरेजला जा.

गाडी बंद पडल्याचं कळवल्यावर पहिला मिस्त्री म्हणाला, माझ्याकडेच आणा, निम्म्या पैशांत करून देतो. मी नेली नाही. ज्याने लबाडी केली त्याच्याच हातात गाडी परत दिली तर जुना टेन्शनर गायब होतो आणि पुरावा संपतो. आमच्या गाडीतून निघालेले सगळे पार्ट, फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रींनी सहीनिशी लिहून दिलेला कागद माझ्याकडे आहे. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. बिल कच्चं असलं तरी फाडू नका, आणि पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद काढून ठेवा.