नॅट की ब्रिज: लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनसाठी कोणते नेटवर्क निवडावे?

सांगलीत विश्रामबागेतल्या मुलांना लिनक्स शिकवताना हा प्रश्न दर वर्षी येतो: व्हर्च्युअलबॉक्समधल्या (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) मशीनचे नेटवर्क कार्ड नॅटवर ठेवावे की ब्रिजवर?

नॅट ही मूळचीच मांडणी आहे. तीत मशीनला सहसा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, गेटवे (बाहेर जाण्याचा मार्ग) १०.०.२.२ असतो, आणि सगळी वाहतूक लॅपटॉपच्याच पत्त्यावरून जात असल्याने बाहेरच्या राउटरला हे मशीन दिसतच नाही. त्यामुळे वसतिगृहाच्या वायफायवरही पॅकेज उतरवणे विनासायास जमते. मात्र बाहेरून एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या सोयीने) आत शिरायचे असेल, तर लॅपटॉपचे २२२२ पोर्ट मशीनच्या २२ क्रमांकाच्या पोर्टाला जोडून द्यावे लागते. शिवाय अशी दोन मशीन एकमेकांशी बोलू शकत नाहीत, आणि दोन्हींचा पत्ता एकच पाहून विद्यार्थी हमखास गोंधळतात.

ब्रिजमध्ये मशीन राउटरकडून डीएचसीपीने (आपोआप पत्ता वाटण्याच्या पद्धतीने) थेट पत्ता घेते आणि शेजारच्या संगणकासारखे वागते. वर्गातल्या इतरांना आपला वेब सर्व्हर दाखवायचा असेल, तर हीच मांडणी योग्य. पण अनेक वायफाय जाळ्यांत एका जोडणीवर दुसरा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) चालत नाही. म्हणून केबल असेल तरच मी ब्रिज सुचवतो.

एरवी सरावासाठी मला पहिले कार्ड नॅट आणि दुसरे होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉप आणि त्यातली मशीन यांच्यातले जाळे) ही जोडी अधिक भरवशाची वाटते. फक्त उबंटू सर्व्हर बसवल्यानंतर जोडलेले दुसरे कार्ड आपोआप पत्ता घेत नाही. नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क मांडणीच्या साधनाच्या) फाइलीत त्याची नोंद करावी लागते.