मालवणातली खानावळ: जा, पण उकडा भात मागा

एसटी स्टँडमागच्या गल्लीत ही घरगुती खानावळ आहे. पाटी शोधू नका, नाहीच. माशांचं कौतुक सगळेच करतात; मी जाते ती उकड्या भातासाठी. जाड, लालसर, शीत न् शीत मोकळं. तुसासकट उकडून, वाळवून मग भात सडतात. उकडताना कोंड्यातलं बी-1 जीवनसत्त्व आत दाण्यात मुरतं, म्हणून सडल्यावरही बरंचसं टिकतं. पांढऱ्याशुभ्र सुरय (न उकडता सडलेल्या) तांदळातलं ते कोंड्याबरोबरच जातं.

वर कुळथाची पिठी, लसणीची फोडणी सढळ हाताने. मांदेली इतकी कुरकुरीत की काट्यासकट खाल्ली (कॅल्शियम काट्यातच, ताटात टाकू नका). सोलकढी मात्र पाणचट, नारळाचा रस फारच जपून घातलेला.

आणि हात धुवायच्या आत चहा विचारतात! चहातल्या टॅनिनमुळे पिठीतलं लोह अंगी कमी लागतं. म्हटलं, तासाभराने घेते. वहिनी हसल्या, "तवसर खानावळ बंद होता गो!"

दीडच्या आत पोचा. उकडा संपला की न विचारता सुरय वाढतात.