भाजलेल्या चिकणमातीसाठी केबीआरची पेलेट की एटीआर?

भट्टीतून काढलेली माती इन्फ्रारेडखाली बघायची, हे तुमचं ठरलंय. आता केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइड या मिठात) घोटून पेलेट, म्हणजे पातळ चकती, दाबायची की एटीआरवर (किरण स्फटिकातून नमुन्याच्या पृष्ठभागाशी नेणाऱ्या जोडणीवर) चिमूटभर भुकटी ठेवून मोकळं व्हायचं? मी दोन्ही केलंय, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला माझा जीव पेलेटवरच होता. केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजातल्या हायड्रॉक्सिलची (ओएच गटाची) चार शिखरं, ३६९५, ३६६९, ३६५२ आणि ३६२० प्रति सेंमी, चांगल्या पेलेटमध्ये अशी सुटी उभी राहतात की बघत बसावं. मधली दोन एकमेकांत मिसळली असतील तर थरांची रचना विस्कळीत आहे, हे तिथल्या तिथे कळतं. एटीआरवर हाच भाग बुटका येतो, कारण तरंगलांबी कमी तसा किरण नमुन्यात कमी खोल शिरतो. शिवाय हजारच्या आसपासचा सिलिकेटचा पट्टा थोडा खाली सरकतो. पेलेटच्या जुन्या आकड्यांशी ताडताना हे विसरलात तर फसलात.

माझं घोडं अडलं ते पाण्यापाशी. मॉन्टमोरिलोनाइट (थरांमध्ये पाणी धरणारं चिकणमातीचं खनिज) ३०० अंशांवर भाजलं, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार केलं, पेलेट दाबली. तरी पाण्याच्या खुणा, १६३० ला उंचवटा आणि ३४०० कडे सुटलेलं पोट, दोन्ही हजर! थरांमधलं पाणी तर केव्हाच उडालेलं असणार. भाजलेली माती हवेतली ओल परत ओढते हे माहीत होतं, म्हणून दोन दिवस मी त्याचीच टिपणं लिहीत बसलो. शेवटी वैतागून माती न घालता नुसत्या केबीआरची पेलेट लावली, तर तोच उंचवटा आणि तेच पोट. म्हणजे ओल केबीआरचीच! पेलेट रात्रभर ११० अंशांवर ठेवून पाहिली. उंचवटा बसला, पण पुरता गेला नाही. आणि तसंही, सुकवताना मातीचं पाणीही निघतंच की. मग मोजायचं काय?

घोटण्याचीही एक धास्ती असते. खलात हात जरा जास्त चालला तर केओलिनाइट भट्टीत जाण्याआधीच मोडायला लागतं.

केओलिनाइटचं मेटाकेओलिन (हायड्रॉक्सिल गमावून रचना मोडलेलं रूप) होताना, साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान, हायड्रॉक्सिलची शिखरं आणि ९१३ चा पट्टा जातो. हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. ५३८ च्या पट्ट्यासाठी मात्र एटीआरचा स्फटिक हिऱ्याचा हवा. झिंक सेलेनाइडचा असेल तर खिडकी त्याच्या आधीच बंद होते.

तुमचा प्रश्न वेगळा असू शकतो, पण तापवण्याचा अभ्यास असेल आणि पाण्यावर काही म्हणायचं असेल, तर मी आता एटीआरकडेच वळतो. बुटकी शिखरं चालतील, पण ती मातीची तरी असतात. भट्टीचा संबंध नसेल आणि रचना किती नीटस आहे एवढंच बघायचं असेल, तर कपाटातून पेलेट दाबायची डाय (साचा) अजूनही निघते. फक्त आधी कोरी पेलेट लावून बघतो.